झाकण काढा

ज्यांच्या घरात आत्ता कोणी जीबीएसने, म्हणजे गियाँ-बारे नावाच्या आजाराने, आडवं पडलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहायला बसलोय. आजाराची माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती डॉक्टर देतील. आपल्याच अंगातल्या राखणदारांनी घरच्यांवरच काठ्या उगारल्या, नसा सोलल्या गेल्या आणि हातपाय गेले, एवढंच मला समजलं आणि तेवढं मला पुरलं. मी दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला गुऱ्हाळ चालवणारा माणूस आहे. नदीपलीकडे वडगाव रासाई, म्हणजे शिरूर तालुका, आणि अलीकडे आम्ही. सगळं आयुष्य रस आटवण्यात गेलं, त्यामुळे बोलतानाही आटवून बोलायची सवय आहे. एका गोष्टीपुरता मात्र जरा पाघळणार आहे. ती गोष्ट म्हणजे झाकण.

हसू आलं तर हसा. आजारातून उठताना मला गरम पाण्याच्या टबाचं झाकण उचलणारं यंत्र निवडायचं होतं, आणि त्यात आमच्याकडून जी चूक झाली ती शेतकऱ्याच्याच घरात होऊ शकते. त्या चुकीने मी मरता मरता वाचलो. वाचलो कसा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

गोळी

गुळाची चाचणी अंगठ्यावर असते. काहिलीतल्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, अंगठा आणि बोटात धरायचा आणि गोळी वळते का बघायची. वळली की काहील उतरवायची. हे काम मी आजवर कुणाला दिलेलं नाही. लोक म्हणतात दादांचा अंगठा म्हणजे थर्मामीटर, आणि मी वरवर नको नको म्हणत ते ऐकून घेतो.

त्या दिवशी गोळी वळेना. पाक कच्चा आहे म्हणून मी जाळ वाढवायला सांगितला. परत थेंब घेतला, परत तेच, बोटातून निसटून जातंय. माझा धाकटा भाऊ बाळू चुलवाणापाशी उभा होता. त्याने नाक वर केलं.

"दादा, पाक कवाच झालाय. लागाय लागलाय की. तुमाला वास येत न्हाई का?"

तेव्हा कळलं की पाक झालाय, माझाच अंगठा कच्चा पडलाय. बघतो तर उजव्या पायातली चप्पल मागे चार पावलांवर पडलेली. ती कधी निघाली याचा पायाला पत्ताच नव्हता.

दौंडच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोट्या हातोडीने मारलं. गुडघा उडाला नाही. दुसरा, तोही नाही. हे डॉक्टर आमच्या ओळखीचे, गूळ घेतल्याशिवाय दिवाळी न करणारे आणि एरवी चेष्टेशिवाय न बोलणारे. त्या दिवशी त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि सरळ सुमनकडे, माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "वहिनी, घरी जाऊ नका. इथूनच पुण्याला निघा."

सुमन म्हणाली, "संध्याकाळपर्यंत परत येऊ ना? गोठ्यात कुणी नाहीये."

डॉक्टर कंपाउंडरला गाडीपर्यंत माझ्याबरोबर जायला सांगत होते.

यवत मागे पडेपर्यंत पाय गेले. हडपसरच्या गर्दीत मान गेली. सुमनने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडीच्या टपाकडे बघत पडून राहिलो. दुखत काहीच नव्हतं. आपलं अंग आपल्याला न सांगता एकेक दार लावून घेतंय, असं वाटत होतं, आणि मी फार घाबरलो होतो.

शेजारचा बेड

श्वासही गेला तेव्हा नळी घातली, मग गळ्याला भोक पाडलं. पापण्या मिटेनात म्हणून डोळे सुकू नयेत यासाठी त्यांच्यावर मलम लावून पट्ट्या चिकटवल्या. तिथून पुढे मला दिसणं बंद. हलणं बंद होतंच. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि तुमच्या घरात असा पेशंट असेल तर ही एक गोष्ट लक्षात ठेवा. आमचे एक पाहुणे माझ्या उशाशी उभे राहून म्हणाले होते, "आता काय राहिलंय ह्याच्यात." ते नंतर घरी भेटायला आले तेव्हा मी त्यांना चहा पाजला. साखर कमी घालायला सांगितली होती.

आत दिवस-रात्र नसते. कूस बदलली की एक वेळ झाली असं धरायचं. पाठ पुसली की दुसरी. नळीतून कफ ओढतात तेव्हा वाटतं, आपलं काळीजही त्याच नळीतून बाहेर येणार. तिथे मला रूथ सिस्टर भेटल्या, शिरूरच्या. त्या काही करायच्या आधी सांगायच्या. "काका, आता उजव्या कुशीवर घेते हं." "काका, आता गार लागेल." मी दगड होऊन पडलेला, पण त्या कधी माझ्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलल्या नाहीत. देव कोणाचाही असो, तो असल्या माणसांच्या हातून काम करून घेतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि माझ्या डाव्या हाताला एक म्हातारबा होते.

ते फार बोलत नसत. मधूनच म्हणायचे, "आरं, झाकण काढा की." ओरडून नाही. घरी सुनेकडे पाणी मागावं तसं. बोली आमच्याच बाजूची, नदीकाठची. मला वाटायचं तोंडावरच्या मास्कला झाकण म्हणत असतील. कोणी तरी काढा रे, मी मनात म्हणायचो, बिचारा किती वेळ सांगतोय. कोणी काढायचं नाही. थोड्या वेळाने परत, "झाकण काढा." हळूहळू मी त्या आवाजाची वाट बघायला लागलो. त्या अंधारात माझ्याइतकाच अडकलेला दुसरा कोणी आहे, याचाच आधार वाटायचा.

एके दिवशी सुमन माझा हात हातात घेऊन बसली होती आणि अंगठा हलला. तिने कुणालाच सांगितलं नाही, आधी खात्री केली. कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ऐकू येत असेल तर परत हलवा." मी सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा केला. ती रडली नाही, पण बराच वेळ तिचा श्वास माझ्या कानाशी थरथरत होता. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. अंगठा हलला की हो, न हलला की नाही.

पुढे पापण्या मिटायला लागल्या आणि पट्ट्या निघाल्या. मी पहिल्यांदा डावीकडे बघितलं. तिथे पांढरी चादर ताणून बसवलेला रिकामा बेड होता. गेले म्हातारबा, असं मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

गळ्यातलं भोक बुजत आल्यावर घोगरा का होईना आवाज फुटला, तेव्हा मी रूथ सिस्टरांना विचारलं, शेजारचे बाबा कधी गेले.

"कुठले बाबा, काका? तुम्ही आलात तेव्हापासून तो बेड रिकामाच आहे."

"आणि त्याआधी?"

सिस्टरांनी सलाइनची नळी सरळ केली, थेंब बघितले. "आयसीयूत भास होतात, काका. सगळ्यांनाच होतात. विसरून जा," म्हणाल्या आणि पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

मी विसरलो नाही. आणि घरात कोणाला सांगितलंही नाही. सुमनला नाही, बाळूला नाही, मुलीला नाही. शरीर गेलं ते गेलं, डोकंही गेलं म्हणतील, अशी धास्ती होती. मरणापेक्षा मला वेड लागण्याची भीती मोठी वाटायची.

दादांची काहील

घरी आलो ते चाकाच्या खुर्चीतून. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, कोमट पाण्यात हातपाय हलके होतात, पाण्यात व्यायाम केला तर लवकर उठाल, मात्र पाणी कडक नको आणि एकटे बसू नका. आमच्या भागात तसला तलाव कुठला आणायचा? माझी मुलगी अश्विनी पुण्यात नोकरीला असते. तिने कुठलंसं फार्महाऊस मोडत होते तिथून एक गरम पाण्याचा टब उचलला आणि टेंपोत घालून आणला. घरामागे, विहिरीच्या मोटरघराला लागून, ओट्यावर तो बसवला. समोर ऊस, बाजूला गोठा आणि मध्ये हा निळा टब.

गाव बघायला लोटलं. पहिल्याच दिवशी त्याचं बारसं झालं, 'दादांची काहील'. आमचा एक दोस्त खाली वाकून चुलवाण कुठंय ते शोधत होता. म्हणाला, "आयुष्यभर रस उकळला, आता सोता बसा आत. गोळी वळली की सांगा, उतरून घिऊ." आजारपणात मला असं हसवणारे चारच जण लाभले, पण ते औषधापेक्षा लागू पडले.

टबात पहिल्यांदा उतरवलं तेव्हा माझा डावा पाय आपला आपण वर आला. पाण्याने उचलला हे कळत होतं, तरी मी बघत राहिलो. आत सीटवर घसरू नये म्हणून कमरेला पट्टा होता. तो सुमन लावायची, तीच काढायची. माझ्या बोटांना बक्कल निघत नव्हतं.

आता टब म्हटला की त्याला झाकण आलं. पाणी थंड होतं, उसाचं पाचट उडून पडतं, सापकिरडू पडतं. त्यात आमच्याकडे बिबट्या. उसात त्याची पिल्लं सापडतात आणि उन्हाळ्यात तो गोठ्याच्या हौदावर पाणी प्यायला येतो, हे आता कुणाला नवीन नाही. सुमनला एकदा सकाळी झाकणावर पंजाचे ओले ठसे दिसले होते. तेव्हापासून झाकण घट्ट बसलं पाहिजे हा तिचा हट्ट. पण झाकण फोमचं, पाणी पिऊन गोणीसारखं जड झालेलं, मधे घडी पडणारं. रोज उचलून सुमनची कंबर धरली. एका घरात दोन पेशंट झाले. ती कण्हत नसे, पण भांडी आपटायची, आणि मी म्हणायचो नको मला टब, आणि ती म्हणायची पडून राहा मग जन्मभर. असून अडचण, नसून खोळंबा. आमची लग्नानंतरची सगळ्यात मोठी भांडणं त्या झाकणावरून झाली आहेत.

कोणतं घ्यायचं

अश्विनीने पुण्यातल्या दुकानदाराला फोनवर धरलं आणि त्याने व्हिडिओवर सगळे प्रकार दाखवले. एक, गाडीच्या डिकीला असतो तसा दांडा. झाकण जरा उचललं की पुढचं तो उचलतो. पण ते 'जरा' सुमनलाच करावं लागणार. दुसरा मोटरचा, रिमोटवाला. बटण एकदा दाबलं की दोन लोखंडी हात झाकण उचलून, घडी घालून टबामागे उभं करतात. बंद करतानाही तसंच, मागून येऊन वर बसतं. तिसराही मोटरचाच, पण भिंतीवर बटण. जोवर दाबून धराल तोवर हलणार, बोट काढलं की जागच्या जागी थांबणार.

"तिसरा कोण घेतं?" मी विचारलं.

"फारसं कोणी नाही," दुकानदार म्हणाला. "धरून उभं राहायचा लोकांना कंटाळा येतो."

बाळूला रिमोटवाला आवडला. "दादांच्या बोटात दाबून धरायची ताकद हाय का? एकदा टिचकी मारली की झालं पायजे." हे पटण्यासारखं होतं. माझा अंगठा तेव्हा चहाचा कप धरत होता, तोही अर्धा भरलेला. दुसरा घेतला.

यंत्र आलं, बसलं, आणि पंधरवड्यात रिमोटचा डबा जळला. आमच्याकडची लाइट कधी दिव्यासारखी मिणमिणते, कधी बल्ब फोडते. कंपनीचा माणूस आठवड्याने येतो म्हणाला. बाळूला कुठला धीर? त्याने वायरमन दोस्ताला बोलावलं आणि दोघांनी मिळून ते 'डायरेक्ट' केलं. घरातल्या लाइनवर टबाच्या हीटरचा लोड होताच, म्हणून झाकणाला विहिरीच्या मोटरची, म्हणजे शेतीची लाइन दिली. मोटरघराच्या भिंतीवर स्टार्टरसारखा डबा, त्यावर दोन बटणं, उघड आणि बंद. चाललं की हो मस्त. शेतीची लाइट असेल तेव्हा उसाला पाणी, आणि तेव्हाच मलाही. मी बाळूची पाठ थोपटायला हात उचलला. तो अर्ध्यात राहिला, पण बाळूला पोचला.

कोण उघडतंय

त्याच आठवड्यात, सकाळी खिडकीतून बघितलं तर झाकण उघडं.

आदल्या संध्याकाळी सुमनने ते माझ्यासमोर बंद केलं होतं. टबातून वाफ वर चालली होती आणि उसाच्या शेंड्यांवर जाऊन विरत होती. झाकण टबामागे घडी घालून उभं. कोणीतरी आत उतरण्याआधी नीट उघडून ठेवावं तसं. सुमन चहा घेऊन आली, तिनेही बघितलं. बाहेर जाऊन तिने झाकण बंद केलं.

दोन दिवसांनी परत तसंच. पुढच्या आठवड्यात उलटा प्रकार सुरू झाला. दुपारी पाणी बदलायला म्हणून उघडं ठेवलेलं झाकण आम्ही जेवून येईपर्यंत बंद झालेलं असायचं. गोठ्यातल्या म्हशी टबाच्या बाजूला तोंड करून उभ्या राहायच्या. त्या कशाकडेही उभ्या राहतात, हे मला माहीत आहे. पण माझं लक्ष आता त्यांच्या कानांकडे जायला लागलं.

मला वाटलं, भास परत आले. डोकं अजून साफ झालेलं नाही. झाकण बंदच असेल आणि मलाच उघडं दिसत असेल. म्हणून मी गप्प. नंतर कळलं की सुमनला वाटत होतं, मी खुर्चीतून सरकत जाऊन चोरून बटण दाबतोय, आणि रागवलं तर मी हिरमुसेन म्हणून ती गप्प. दोघंही एकमेकांना जपत होतो आणि दोघंही मनातून घाबरलेले. आजारपणात घरातली माणसं एकमेकांपासून किती गोष्टी झाकून ठेवतात, आणि सगळ्या मायेपोटीच.

एकदा संध्याकाळी ओसरीत बसलो असताना मी ते डोळ्यांनी बघितलं. आसपास कोणी नव्हतं. घूं असा आवाज झाला आणि झाकण सावकाश उठलं, मधे दुमडलं, मागे गेलं. वाफ बाहेर आली. मी टबाकडे बघत राहिलो, आता आतून कोणाचं तरी डोकं वर येईल म्हणून. कोणी आलं नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर ओठांवर दुसरंच काहीतरी आलं होतं. म्हातारबांचे शब्द. ते मी तसेच गिळले.

आत

दुपारची वेळ होती. सुमनने मला टबात बसवलं, पट्टा लावला. थोड्या वेळाने शेतीची लाइट गेली. झाकण उघडंच होतं, त्यामुळे काळजी नव्हती. तेवढ्यात गोठ्यातली म्हैस दावं तोडून सुटली आणि उसाकडे निघाली. सुमन म्हणाली, "आले हं, हलू नका." मी म्हणालो, "हलू कसा?" ती हसली आणि काठी घेऊन धावली.

मी उसाकडे तोंड करून बसलो होतो, झाकण पाठीमागे उभं होतं. आधी आवाज आला. घूं. मग मानेवर सावली पडली. मला मागे वळून बघता येत नव्हतं. झाकण डोक्यावरून पुढे आलं आणि समोरचा ऊस वरून खाली असा पुसत गेला. टबात बसलेल्या माणसाचं डोकं काठाच्या वर असतं. झाकणाला ते ठाऊक नव्हतं. त्याने माझं डोकं हळूच, पण न थांबता खाली दाबायला सुरुवात केली.

पट्टा कमरेला. बोटांना बक्कल निघेना. मान वाकली, हनुवटी पाण्यात गेली. मी तोंड वर केलं तेव्हा नाक झाकणाच्या ओल्या कातड्याला टेकलं. श्वास घ्यायला वीतभरही जागा नव्हती. अंधार तोच होता, पट्ट्यांखालचा. अंग तसंच, सांगितलेलं न ऐकणारं. मला वाटलं, मी घरी आलोच नव्हतो. अजून तिथेच आहे, हे सगळं स्वप्न पडलं होतं. सुमनचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर पाणी आत आलं.

आणि तेव्हा डाव्या हाताला, अगदी जवळ, त्याच पाण्यात बसल्यासारखं कोणीतरी म्हणालं, "आरं, झाकण काढा की."

तोच आवाज. तसाच, न ओरडता. मला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे लिहितानाही नवल वाटतं. मनात आलं, हे अजून इथेच आहेत. मग परत एकदा, "झाकण काढा."

घूं थांबलं. कडेने उजेडाची रेघ आली, रुंद झाली, आणि झाकणाखाली बाळूचे दोन हात दिसले.

हाक

बाळूने मोटरघरातला फ्यूज उपसला होता आणि ते जड झाकण एकट्याने उलटं टाकलं होतं. त्याने मला वर ओढलं आणि छातीशी धरून ओट्यावर बसला. तो चिखलाने माखलेला, धापा टाकत होता. सुमन धावत आली आणि माझे पाय चोळत राहिली. पाय थंड नव्हते, पण ती चोळत होती.

मग बाळूने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. कारण त्याच्या ध्यानात आलं होतं. डबा बसवताना त्याने त्यात 'ऑटो' टाकला होता. शेतकऱ्याला हे सांगायला नको, इतरांना सांगतो. आमच्याकडे प्रत्येक मोटरच्या स्टार्टरला ऑटो असतो. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लाइट आली की ऑटो आपला आपण मोटर चालू करतो. अंधारात, बिबट्याच्या वाटेवरून विहिरीवर जाणं वाचतं. बाळूचा हात स्टार्टरला लागला की तो ऑटो टाकतोच. इथेही टाकला. लाइट आली की जरा थांबून ऑटो उचलायचा आणि झाकण उघडं असेल तर बंद व्हायचं, बंद असेल तर उघडायचं. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात ते रात्री उघडत होतं, दिवसाच्या आठवड्यात दुपारी मिटत होतं.

"मधीच लाइट गेली तर झाकण अडकून ऱ्हाऊ नये म्हून टाकला हो दादा," बाळू रडत होता. "तुमच्याच सोयीला टाकला."

मी त्याच्या हातावर अंगठा ठेवला. त्याच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही. उलट सगळ्याचा उलगडा झाला म्हणून मला हलकं वाटत होतं. मला वेड लागलेलं नव्हतं. ओसरीत बसून जे बघितलं ते खरंच घडलं होतं. मी सुमनला ते सांगितलं, तिने मला तिचं सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं मोकळं हसलो.

मग मी बाळूला विचारलं, "तू एवढ्यात आलास कसा? तू तर नदीकडच्या मळ्यात होतास."

"तुमी हाक मारली म्हून आलो की."

माझा आवाज गळ्याच्या भोकानंतर ओसरीपलीकडे जात नाही. नदीकडचा मळा उसाच्या तीन वावरांपलीकडे आहे. सुमन टबाच्या जवळ, गोठ्याच्या पाठीमागेच म्हैस वळवत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणालो मी?"

"'आरं, झाकण काढा की.' दोनदा म्हणला. मला वाटलं तुमी मागंच हुबं हायसा, इतक्या जवळून आलं. वळून बघतो तर कुणीच न्हाई. मग पळालो."

मी बाळूला कधीच 'काढा' म्हणत नाही. धाकटा भाऊ तो, त्याला 'काढ' म्हणतो. हे बाळूच्या ध्यानात आलं नाही. मी त्याला सांगितलं नाही.

म्हातारबांचं मी खूप उशिरा, एकट्या अश्विनीला सांगितलं. ती म्हणते, बाबा, तुम्ही आयसीयूत ओठ हलवत असाल, काकाने कधीतरी बघितलं असेल, तेच त्याच्या डोक्यात राहिलं. असेल तसंही. रूथ सिस्टरांचा नंबर माझ्याकडे आहे. ख्रिसमसला आम्ही त्यांना गूळ पाठवतो आणि त्या केक पाठवतात. माझ्याआधी त्या बेडवर कोण होतं, हे एक फोन करून विचारता येईल. अजून विचारलेलं नाही.

दाबून धरायचं

पंधरा दिवस मी टबाकडे फिरकलो नाही. मग ताईंनी दम भरला, सुमनने भांडी आपटली, आणि पाय परत जड व्हायला लागले होते. जगायचं तर पाण्यात उतरावं लागणार होतं. दुकानदाराला फोन लावला आणि म्हणालो, तिसरा पाठवा. दाबून धरायचा.

"काका, कटकट आहे ती," तो म्हणाला.

"मला कटकटच पाहिजे."

तुमच्या घरी आजारी माणसासाठी असलं काही घेणार असाल तर एवढं ऐका. रिमोट, टिचकी, आपोआप, यांच्या नादी लागू नका. जे माणसाचा हात असेपर्यंतच हलतं आणि हात काढला की थांबतं, ते घ्या. आणि बटण अशा जागी लावा, जिथून टबाच्या आतलं दिसतं. बाळूने स्वतः उभं राहून कंपनीच्या माणसाकडून बसवून घेतलं. स्टार्टरच्या डब्यातला तो ऑटो त्याने काढला आणि विहिरीत फेकला.

सुरुवातीला माझा अंगठा दमायचा. झाकण अर्ध्यावर यायचं, थांबायचं, मी अंगठा झटकायचो, परत दाबायचो. ताई म्हणाल्या, यापेक्षा चांगला व्यायाम मी देऊ शकले नसते. आता काठी घेऊन चालतो. या हंगामात काहिलीपाशी खुर्ची टाकून बसलो आणि पहिली चाचणी मीच घेतली. पाकाचा थेंब पाण्यात सोडला, अंगठ्यात धरला. चटका बसला. गोळी वळली. बाळू माझ्याकडे बघत होता, मी मान हलवली आणि त्याने काहील उतरवायला सांगितली. त्या चटक्याचा फोड मी सुमनला दोन दिवस दाखवत होतो.

संध्याकाळी टबाचं झाकण मीच बंद करतो, ते काम मी कुणाला देत नाही. आधी आत वाकून बघतो. मग बटण दाबून धरतो. झाकण मागून येतं, घडी उलगडते, खाली यायला लागतं, आणि काठापासून वीतभर राहिलं की मी अंगठा उचलतो. झाकण तिथेच थांबतं. त्या फटीतून वाफ येत राहते आणि मी जरा वेळ कान देऊन उभा राहतो.

सुमन एकदा म्हणाली, "लावून टाका की आता. कशाला थांबता रोज?"

"वाफ जाऊ दे," मी म्हणालो.

आतून कोणी काही म्हणत नाही. आजवर म्हणालेलं नाही. मग मी अंगठा परत ठेवतो आणि झाकण बसवतो.